सापळ्याचे झाड

‘एक नासका आंबा सारी आढी नासवतो’ हे वाक्य मी आजवर वर्गात आणि शिक्षकांच्या खोलीत किती वेळा उच्चारले असेल, त्याचा हिशेब नाही. मास्तरांच्या खिशात अशी दहा-वीस वाक्ये नेहमी खुळखुळत असतात. त्यातले एक काढून दिले की विचार करण्याचे श्रम वाचतात. यंदा आषाढात मात्र हे नाणे खिशातून निघेना. आमच्या शाळेतल्या एका मुलाला दाखला देऊन मोकळे करावे, म्हणजे त्याच्या संगतीने बाकीची मुले बिघडायची नाहीत, असा विचार वरच्या मंडळींत चालला होता, आणि वर्गशिक्षक म्हणून माझे मत लेखी हवे होते. मी तोंड उघडले, तो डोळ्यांपुढे आंब्याची आढी काही आली नाही. आले ते सरईचे एक झाड. १९९८ च्या आश्विनात मी त्याच्या बुंध्यावर रंगाचा पट्टा ओढला होता.

त्या झाडाविषयी मी कधी लिहिले नाही. कादंबऱ्यांत जंगल आणले, मुकादम आणले, मामांसारखा एक माणूस नाव बदलून दोनदा आणला; ते झाड तेवढे वगळले.

सरई म्हणजे साल, संस्कृतातला शाल. ‘साल’ म्हणजे झाडाची त्वचा आणि ‘साल’ म्हणजे वर्षही, तेव्हा घोटाळा नको म्हणून मी मामांच्या मुलखातला सरई हाच शब्द वापरतो. वैनगंगेच्या अलीकडे, आमच्या बाजूला, जंगल म्हणजे साग, ऐन, मोह, तेंदू. सरईचे वन पाहायचे तर त्या काळी गोंदियाहून छोट्या गाडीने बालाघाट गाठावे आणि बसने बैहरचा घाट चढावा. वर गेले की जंगलाची तऱ्हाच पालटते. सागाचे वन उन्हाळ्यात उघडेबोडके होते. सरईचे वन पुरते उघडे पडत नाही. एकाच जातीची सरळ, उंच झाडे कोसच्या कोस उभी. पहिल्या दिवशी मला ती शाळेच्या प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या मुलांसारखी वाटली होती. मॅट्रिकचा निकाल नुकताच लागला होता (बोर्डाच्या कागदावर दहावीचा, आमच्या घरात तिला मॅट्रिकच म्हणत), तेव्हा दुसरी उपमा कुठून सुचणार? पुढे शिकायचे नव्हते, किंवा शिकवायला पैसे नव्हते, दोन्ही एकच. आईने मला धाकट्या मामांकडे धाडले. मामा तिकडे लाकूडतोडीच्या कामावर मुकादम होते.

त्या वर्षी मंडला, दिंडोरी, बालाघाट या बाजूच्या सरईवनांत किडीची साथ होती. दोन-चार वर्षे ती वाढत होती आणि १९९७-९८ मध्ये शिगेला पोचली. पुढे वाचले, की एकंदर ३० लाखांच्या आसपास झाडे तिने ग्रासली. मला त्या वेळी एवढेच दिसत होते, की भर पावसाळ्यात, सगळे रान हिरवे झालेले असताना, मधली मधली झाडे शेंड्याकडून तांबूस होत वाळत चालली आहेत.

किडा तसा लहान नव्हे. बोटाएवढा लांब, तपकिरी भुंगेरा. नराच्या मिशा अंगाहून लांब. चिमटीत धरला की किर्र असा बारीक आवाज करतो. पहिल्या मोठ्या पावसाबरोबर तो खोडातून बाहेर पडतो. मादी सरईच्या सालीच्या भेगांत शेकड्याने अंडी घालते. अळी सालीखाली शिरते, तिथून पांढऱ्या लाकडात आणि शेवटी गाभ्यात. झाडाच्या पायथ्याशी भुशाचा ढीग साठतो. सकाळी पाहावे तर वाटावे, रात्री कुणी करवत चालवून गेले. वर्षभर आत राहून पुढच्या पावसाला नवे भुंगेरे बाहेर. झाडापाशी याला उत्तर एकच : राळ. आपण धूप म्हणून जाळतो ती हीच. अळी आत शिरू लागली की झाड त्या भोकात राळ ओतते आणि अळी तिच्यात बुडून मरते. अळ्या थोड्या असल्या तर झाड जिंकते. एकाच झाडावर शेकड्यांनी तुटून पडल्या तर राळ पुरत नाही. तेव्हा सगळा प्रश्न संख्येचा. आणि संख्येची गोष्ट निघाली, की किड्याला सोडून आपल्याला माणसाकडे यावे लागते.

हा किडा सरईच्या वनात नवा नाही. एरवी तो पडलेल्या, वठलेल्या, वादळाने मोडलेल्या झाडांवर आपला प्रपंच चालवतो. सुतारपक्षी त्याच्या अळ्या टिपतात, दुसऱ्या जातीच्या भुंगेऱ्याची अळी त्याची अळी खाते. अशा वर्षांत तो कुणाच्या नजरेतही भरत नाही. परंतु ताज्या तुटलेल्या सरईच्या रसाचा वास त्याला दूरवरून ओढून आणतो. पावसाळ्याच्या तोंडावर झाडे तोडावीत, ओंडके सालीसकट रानातच पडू द्यावेत, आणि मग पाऊस यावा, याहून चांगली सोय त्याची आईही करणार नाही. एकेक ओंडका म्हणजे पाळणाघर. रेल्वेच्या स्लीपरांसाठी सरईचे लाकूड नावाजलेले. ज्या छोट्या लाईनीने मी गेलो, ती गोंदिया-जबलपूर लाईन १९०३ ते १९०५ या काळात घातली गेली, आणि रूळ आले तसे जंगलाच्या आत कुऱ्हाडीही आल्या. १९२३ ते १९२८ या वर्षांत याच मंडल्याच्या बाजूला अशीच प्रचंड साथ आली होती. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेतले कीटकशास्त्रज्ञ बीसन यांनी या किड्याचा अभ्यास केला आणि १९४१ साली भारतातल्या जंगलातील किडींवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. पावसाळ्यात तोड करू नका, तोडलेला माल पावसाआधी रानाबाहेर काढा, नाहीतर त्याची साल तरी सोला, हे शहाणपण त्या काळापासून जंगलवाल्यांना ठाऊक आहे. ठाऊक असणे आणि पावसाआधी ट्रक मिळणे यांत अंतर असते, एवढेच. आमच्या मामांचे अर्धे आयुष्य त्या अंतरात गेले.

गंमत अशी (गंमत हा शब्द बरा नव्हे, पण दुसरा सुचत नाही), की ज्या वासाने साथ वाढते त्याच वासाने ती आवरतात. आषाढात मी पहिल्यांदा सापळ्याचे झाड पाहिले. जिवंत सरई पाडायची, तिचे पुरुषभर लांबीचे तुकडे करायचे, कुऱ्हाडीच्या तुंब्याने तुकड्यांची टोके ठेचायची, साल सैल करायची, म्हणजे रस पाझरू लागतो. संध्याकाळ झाली की भुंगेरे येतात. रस पितात, आणि ताडी प्यायलेल्या माणसासारखे सुस्त होऊन सैल सालीखाली पडून राहतात. पहाटे आम्ही पोरे डबे घेऊन जात असू. गोंडांची, बैगांची, आमच्यासारख्या उपऱ्यांची, सगळी. भुंगेरा उचलायचा, डोके पिरगळून तोडायचे, डोके डब्यात आणि धड खाली. डोकी मोजून पैसे मिळत. माझ्या पहिल्या कमाईतून मी आईला साडी घेतली. सरईचा रस सुकला की चार दिवसांनी पुन्हा ठेचायचे, आणि तेही संपले की दुसरे झाड.

सापळ्याच्या झाडाविषयी माझे मन आजही स्वच्छ आहे. कुणी म्हणेल, हे विचित्र. एका निरपराध झाडाचा बळी देऊन बाकीची वाचवायची, नीतिशास्त्रातला सगळ्यात बिकट प्रश्न तो हाच, आणि तुमचे मन स्वच्छ कसे? त्याचे कारण असे, की त्या झाडाला कुणी दोषी म्हटले नव्हते. ‘तू चांगले आहेस, तुझा रस गोड आहे, आम्हाला तुझी गरज आहे’ एवढे म्हणून ते पाडले जाई. तिथे एक बैगा म्हातारा पहिला घाव घालण्याआधी बुंध्याला हात लावून काही पुटपुटत असे. काय, ते मी विचारले नाही. बळी हा बळी म्हणूनच दिला जात होता, आणि देणाऱ्याला त्याचा भार जाणवत होता.

या बैगांची एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. त्यांची जुनी शेती म्हणजे बेवर : रानाचा तुकडा तोडायचा, जाळायचा, राखेत बी टाकायचे, दोन-तीन वर्षांनी पुढे सरकायचे. इंग्रज सरकारने सरईचा नाश होतो म्हणून ती बंद केली आणि १८९० च्या सुमारास एका राखून ठेवलेल्या टापूपुरती, बैगाचकापुरती, तिला मुभा ठेवली. म्हणजे बैगाच्या हातातली कुऱ्हाड गुन्हा झाली आणि स्लीपरवाल्याच्या हातातली कुऱ्हाड योजना झाली. किड्याला हा भेद कळत नाही. त्याला दोन्ही वास सारखेच.

आश्विनात दुसरे काम निघाले. साथ लागलेली झाडे निवडून तोडायची, कारण एका पोखरलेल्या झाडातून पुढल्या पावसाळ्यात शेकडो भुंगेरे बाहेर पडणार. आढीतला आंबाच तो. झाड कितपत ग्रासले आहे याच्या पायऱ्या ठरवून दिलेल्या होत्या : शेंडा वाळला का, भुसा किती पडला, नुसती राळच वाहते आहे का. निवड करणारा माणूस वेगळा असे, पण एका माणसाने किती रान तुडवावे? त्याला ताप आला, की मामा जात. मामांचे गुडघे दुखले, की रंगाचा डबा माझ्या हातात येई.

ते झाड नाल्याच्या काठी होते. दोन माणसांच्या कवेत मावेल न मावेल असे. शेंडा हिरवा. पण बुंध्यापासून पुरुष-दीड पुरुष उंचीपर्यंत राळेचे ओघळ. पिवळसर, काही ताजे, काही थिजलेले, पायथ्याशी थोडासा भुसा. सकाळच्या उन्हात सगळे खोड चकाकत होते. एवढे रडणारे झाड मी पाहिले नव्हते. आजूबाजूची, तांबूस शेंड्याची झाडे कोरडी होती आणि हे एकटे वाहत होते. मी मामांना हाक मारली. ते दूर होते, म्हणाले, “रडते आहे ना? मग ओढ पट्टा.” मी ओढला.

दिवाळी मी तिथेच काढली. तोड थंडीत झाली. ते झाड पडले तेव्हा मी जवळच होतो. करवतीचा काप पाहायला गेलो, तर गाभा काळसर तांबडा, घट्ट, एकही भोक नाही. साल सोलली तेव्हा खालच्या पांढऱ्या लाकडात आठ-दहा बोटभर बोगदे निघाले, प्रत्येक राळेने गच्च भरलेला, आणि आत बारीकशी अळी, मेलेली. झाड रडत नव्हते. झाड लढत होते, आणि बहुधा जिंकले होते. शेजारची कोरडी झाडे कोरडी होती, कारण त्यांची राळ केव्हाच संपली होती. मामांनी कापावर हात फिरवला आणि म्हणाले, “चांगला माल निघाला.”

त्यांच्यावर राग धरावा असे त्या वाक्यात काही नव्हते. पोखरलेल्या लाकडाला डेपोत कोण विचारतो? निरोगी ओंडका निघाला की मुकादमाला बरे वाटणारच. पण साथीच्या नावाने चाललेल्या तोडीत निरोगी ओंडका निघाल्याने सगळ्यांनाच बरे वाटत असेल, तर पुढल्या वेळी रंगाचा डबा कुणाच्या हातात कसा चालेल, हा प्रश्न मला त्या वयातही पडला. १९९६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात देशभरातल्या जंगलतोडीला लगाम घातला होता. बैहरच्या चहाच्या टपरीवर तेव्हा दोन पक्ष असत. एक म्हणे, किडा हे निमित्त, सरकारला लाकूड हवे. दुसरा म्हणे, झाडे वाचवायचे हुकूम निघताहेत आणि इकडे जंगल उभ्या उभ्या मरते आहे. मी दोघांचेही ऐकत असे आणि दोघेही मला खरे वाटत, आजही वाटतात. कुऱ्हाडीने किड्याला वाढवले, आणि वाढलेल्या किड्याने कुऱ्हाडीला नवे काम दिले. कोण कुणाचा चाकर, ते सांगणे कठीण.

मला छळते ती गोष्ट निराळी आहे. मी पट्टा ओढला ते चूक होते, हे मला कळले कसे? केवळ ते झाड तोडले म्हणून. तोडले नसते तर ते जगले असते की पुढल्या पावसात शेजारच्या मेलेल्या झाडांतून निघालेल्या हजारो भुंगेऱ्यांपुढे हरले असते, हे मी आज सांगू शकत नाही. प्रतिबंधासाठी केलेल्या तोडीचे हेच आहे. साथ ओसरली, तर तोडीमुळे ओसरली. वाढली, तर तोड कमी पडली. दोन्हीकडून कुऱ्हाड बरोबर. जे उभे राहून खोटे पाडू शकले असते, ते डेपोत पडलेले असते. त्या १९२० च्या दशकातली साथही शेवटी ओसरली. आणि ती माणसाने आवरली की आपली आपण थांबली, हे सांगणारी झाडे कुणी राखून ठेवली नाहीत.

राखून ठेवली तर काय दिसते, याचे उदाहरण आपल्याकडचे नाही, जर्मनीतले आहे. पण प्रश्न तोच आहे म्हणून सांगतो. बव्हेरियातल्या राष्ट्रीय उद्यानात १९८३ साली वादळाने स्प्रूसची झाडे आडवी झाली. ती उचलून विकायची, हा जंगलवाल्यांचा धर्म. तिथले मंत्री आयझेनमान यांनी सांगितले, पडू द्या. पडलेल्या झाडांवर सालीखालचा किडा पोसला आणि १९९० च्या दशकात हजारो हेक्टरांवरची उभी झाडे वाळली. गावकरी चिडले, त्यांच्या डोळ्यांपुढे करड्या खोडांचे स्मशान झाले होते. मात्र त्या उभ्या-आडव्या मढ्यांखाली नवी रोपे आली, आणि आज तिथे जंगल आहे. पूर्वीसारखे एका वयाचे नव्हे, लहान-मोठे, मिसळलेले. याच्या उलट पोलंडात. ब्यालोव्येझाच्या पुरातन अरण्यात हाच किडा वाढला तेव्हा २०१६ साली तिथल्या सरकारने तोडीची मर्यादा वाढवली. कारण अर्थात किडा. युरोपीय न्यायालयाने एप्रिल २०१८ मध्ये ती तोड बेकायदा ठरवली.

म्हणून सरईलाही हात लावू नका, असा निकाल मी देत नाही. स्प्रूस आणि सरई एक नव्हेत. सरईचे बी झाडावरून पडल्यावर जेमतेम आठवडाभर जिवंत राहते. तेवढ्यात पाऊस मिळाला तर ठीक. रोपे वर्षानुवर्षे वरून मरत आणि मुळातून फुटत राहतात, तेव्हा कुठे एखादे धरते. लागवड करून सरईचे वन उभे करणे फार अवघड. मोठे झाड गेले, वर आभाळ उघडे पडले, की खाली घाणेरी माजते, गवत माजते, गवताबरोबर वणवा येतो, गुरे येतात. किड्याने मेलेले झाड वर्षानुवर्षे उभे राहून निदान काही सावली देते. तोडलेले एका दिवसात लख्ख ऊन पाडते. आणि त्या वनावर माणसे जगतात : पानांच्या पत्रावळी, बियांचे तेल, राळ. बव्हेरियातल्या उद्यानात ‘पडू द्या’ म्हणणे एक, आणि बैगाच्या दारात म्हणणे दुसरे. तरीही एखादा तुकडा, रडणाऱ्या झाडांचा नेमका एखादा नाला, पट्टा न ओढता ठेवला असता, तर निदान पुढच्या साथीला विचारायला एक साक्षीदार राहिला असता.

शाळेतल्या मुलाचे काय, असे वाचक विचारतील. मुले म्हणजे झाडे नव्हेत, आणि उपमेच्या जोरावर निकाल देणे हा मास्तरांचा जुना रोग आहे. मला त्यात पडायचे नाही. एवढेच केले, की मत लिहायला मुदत मागून घेतली. तो मुलगा वर्गात सगळ्यात जास्त भांडतो, सगळ्यात जास्त आवाज त्याचा. त्याच्या मागच्या बाकावर दोन मुले आहेत, ती काहीच बोलत नाहीत. हल्ली मी त्यांच्याकडेही पाहतो.

पोळ्याच्या सुट्टीत मामांकडे जाऊन आलो. आता ब्रॉडगेज झाली आहे. गाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढून पाने तोडता येत नाहीत. मामा थकले आहेत, पण काठी घेऊन नाल्यापर्यंत आले. घाणेरी डोक्याएवढी, मध्ये बांबू, थोडा ऐन, आणि दोन-तीन ठिकाणी सरईची मनगटाएवढी पोरे. तो बुंधा मला सापडला नाही. मी मामांना विचारले, “राळ वाहणारे ते मोठे झाड आठवते का तुम्हाला?” ते म्हणाले, “कुठले रे? लाखांनी तोडली त्या वर्षी.” आम्ही परत फिरलो. भुरभुर पाऊस होता. बांधावर ते दम खायला थांबले, आणि मग म्हणाले, “रंगाचा डबा तुझ्याकडे असायचा, नाही का?”

मी हो म्हणालो.